आठवारी किल्ट: स्कॉटलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला वर्षा-दोन वर्षांत एक निमंत्रण येतंच. ऑफिसातल्या कुणाचं तरी लग्न, २५ जानेवारीची बर्न्स नाइट (कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतली मेजवानी), नाहीतर स्वतःचाच पदवीदान समारंभ. निमंत्रणाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'हायलँड ड्रेस किंवा सूट'. मग मला मेसेज येतो, "दादा, आपण किल्ट घातला तर चालतं का? हसणार नाहीत ना?"

चालतं. आणि नीट घातला तर कुणी हसतही नाही.

मला ग्लासगोत बारा वर्षं झाली. पहिला किल्ट मी असा काही घातला होता की नवऱ्यामुलाच्या आजीने मला कोपऱ्यात नेऊन तो पुन्हा नेसवला. हो, नेसवला. पूर्ण मापाच्या किल्टला आठ वार कापड लागतं आणि मागच्या बाजूला निऱ्या असतात, त्यामुळे नऊवारी पाहत वाढलेल्या माणसाला तो कळायला वेळ लागायला नको. मला लागला, कारण मी त्याला मनात स्कर्टच म्हणत होतो. तो शब्द तेवढा इथे तोंडातून काढू नका.

इथले लोक त्याच्याकडे कसं बघतात

सोमवारी सकाळी ग्लासगो सेंट्रल स्टेशनवर उभे राहिलात तर बहुधा एकही किल्ट दिसणार नाही. एडिंबराच्या रॉयल माइलवर दिसतील, पण त्यातले बरेचसे बॅगपाइप वाजवणारे, हॉटेलचे दरवान आणि पर्यटकांना फिरवणारे गाइड असतात. रोज किल्ट घालणारी माणसं आहेत, पण थोडी. शनिवारी दुपारी मात्र एखाद्या चर्चबाहेर बघा, शाळकरी करवल्यापासून सत्तरीच्या काकांपर्यंत सगळे किल्टमध्ये. आपल्याकडे फेट्याचं जे झालंय, तेच. ऑफिसला कुणी फेटा बांधून जात नाही, पण लग्नात फेटेवाला दारात बसतो आणि सगळी वरात रांग लावते. तिथे कुणी त्याला जुनाट म्हणत नाही आणि सोंगही म्हणत नाही.

एक गंमत माहीत असू द्या. किल्ट मुळात साऱ्या स्कॉटलंडचा नव्हताच. तो उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, हायलँडमधल्या लोकांचा. ग्लासगो-एडिंबराच्या सखल भागातली माणसं त्या लोकांना रानटी समजत. जुना किल्ट म्हणजे एक भलंमोठं कापड. त्याच्या चुण्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. रात्री तेच पांघरूण. आज दिसतो तो फक्त कमरेखालचा किल्ट अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुढे राजाविरुद्ध हायलँडमधून १७४५ चं बंड झालं, १७४६ च्या एप्रिलमध्ये कलॉडनच्या मैदानावर ते चिरडलं गेलं आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं सातासमुद्रापार. सरकारी सैन्यात असाल तर मात्र मुभा! बंदी उठली १७८२ साली.

नंतर १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. राज्यावर असलेला राजा स्कॉटलंडला येण्याची ती जवळपास पावणेदोनशे वर्षांतली पहिलीच वेळ. त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली आणि राजालाच किल्ट नेसवला. राजाचा किल्ट गुडघ्याच्या बराच वर आणि खाली गुलाबी तंग विजार, यावर लोक आजही हसतात. पण त्या भेटीनंतर सखल भागातल्या सभ्य गृहस्थांनाही किल्ट आपला वाटू लागला. पुढे १८४२ मध्ये कुळागणिक टार्टनच्या (टार्टन म्हणजे किल्टचं चौकडीचं कापड) चौकड्या सांगणारा एक 'प्राचीन' ग्रंथ निघाला, तो चक्क बनावट होता. त्यातल्या कित्येक चौकड्या मात्र टिकल्या आणि आज अभिमानाने मिरवल्या जातात.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की 'आपण बाहेरचे, आपला काय हक्क' हा संकोच घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, एडिंबराच्या माणसाचा तरी किती पिढ्यांचा हक्क आहे? इथे किल्ट हा हौसेने स्वीकारलेला पोशाख आहे आणि दुसऱ्या कुणी हौसेने घातला की बहुतेकांना आनंद होतो. शीखांसाठी सिंग नावाचं टार्टन नोंदवलेलं आहे. पगडी आणि किल्ट घातलेले ग्लासगोचे सरदारजी बघितले की हा प्रश्न उरत नाही.

लोकांना खटकतं ते दुसरंच. नारिंगी केसांचा टोप चिकटवलेली टोपी, तीस-चाळीस पौंडांचा ॲक्रिलिकचा तुकडा, खाली धावायचे बूट, आणि 'बघा, मी स्कॉटिश झालो' म्हणून फोटो. ते सोंग झालं. फुटबॉल सामन्याला जाणारे स्कॉट लोक स्वतःची अशी थट्टा करतात, तो त्यांचा घरचा मामला. २०२४ च्या जूनमध्ये म्युनिकचे चौक किल्टवाल्या पाठीराख्यांनी भरून गेले होते. स्कॉटलंडच्या संघाने जर्मनीकडून ५-१ असा मार खाल्ला तरी गाणी थांबली नाहीत. तिथे किल्टवर संघाची जर्सी, पायात जाड बूट आणि घोट्यावर गोळा केलेले मोजे, असाच रिवाज आहे. मित्रांबरोबर सामन्याला निघालात तर तसंच जा. लग्नाला मात्र नको.

पहिलं काम: कुठलं टार्टन

देशपांडे किंवा गायकवाड नावाचं कूळ स्कॉटलंडमध्ये नाही, त्यामुळे आपण मोकळे. कोणी कुठलं टार्टन घालावं यावर कायदा नाही. सरकारी नोंदवही २००९ पासून आहे, पण ती नक्षीची नोंद ठेवते, माणसाची जात विचारत नाही. अपवाद एकच लक्षात ठेवा, बाल्मोरल टार्टन. करड्या रंगाचं हे टार्टन राजघराण्यापुरतं राखलेलं आहे आणि भाड्याच्या दुकानात ते मिळणारही नाही.

माझा सल्ला: ब्लॅक वॉच. गडद हिरवा, निळा आणि काळा. आपल्या रंगावर खुलतं, डाग दिसत नाही, कुणा एका कुळाचं म्हणून ओळखलं जात नाही. आयल ऑफ स्काय हे जांभळट-हिरवं टार्टनही सुंदर आहे आणि जागेच्या नावाचं असल्याने कुणालाही चालतं. लाल रॉयल स्टुअर्ट बिस्किटांच्या डब्यांवर इतकं पाहिलंय की मला नकोसं झालंय, पण घालायला हरकत काहीच नाही.

लग्न असेल तर नवऱ्यामुलाला आधी एक फोन करा. त्याच्या जवळच्या मित्रांचे किल्ट बरेचदा एकाच टार्टनचे ठरलेले असतात. आपण नकळत तेच घालून गेलो तर फोटोग्राफर आपल्याला दर फोटोत ओढतो.

दुसरं काम: भाड्याने की विकत

पहिल्यांदा भाड्याने. किल्ट, जॅकेट, वेस्टकोट, स्पोरन (पुढे लोंबणारी थैली), मोजे, बूट असा सगळा संच शंभर पौंडांच्या आगेमागे मिळतो. लोकरीचा, मापाने शिवलेला आठवारी किल्ट घ्यायचा तर नुसत्या किल्टलाच पाचशे पौंडांच्या पुढची तयारी ठेवा आणि शिवून मिळायला काही आठवडे धरा. बरेच कार्यक्रम झाले की हिशेब विकतच्या बाजूने झुकतो. मी सहाव्या लग्नानंतर घेतला. पाच वारांचाही मिळतो, हलका आणि स्वस्त, पण मागच्या निऱ्यांना तो भरीवपणा येत नाही. चालताना आठवारीचा घोळ जसा झुलतो, ते बघण्यातच खरी मजा.

जून-जुलैत पदवीदान आणि लग्नं एकाच वेळी येतात. तेव्हा दोन-अडीच महिने आधी नाव नोंदवलं नाही तर तुमच्या मापाचं काही शिल्लक राहत नाही. उरलेला किल्ट सहा फुटी माणसाचा असतो.

तिसरं काम: माप, आणि इथेच सगळे चुकतात

दुकानात 'कंबर किती?' विचारलं की आपण जीन्सचा आकडा सांगतो. चूक. जीन्स कमरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या रेषेत. तिथलं माप दोन-तीन इंच जास्त भरतं, आणि पोट असेल तर मी आकडाच सांगत नाही. टेप बेंबीवरून फिरवा, श्वास आत न ओढता. दुसरं माप पार्श्वभागाच्या सगळ्यात रुंद जागेचं. तिसरं लांबीचं, बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत.

लांबी तपासायची सोपी रीत आहे. किल्ट नेसून दोन्ही गुडघ्यांवर बसा, देवाला नमस्कार करायला बसतो तसं ताठ. खालची कड जमिनीपासून जेमतेम इंचभर वर राहिली तर बरोबर. जमिनीवर लोळली तर लांब. माझी उंची पाच फूट पाच इंच, आणि भाड्याचे किल्ट बहुतेक उंच माणसांच्या अंदाजाने ठेवलेले. त्यामुळे पहिल्या वेळी मी तो जीन्ससारखा खाली बांधला तेव्हा तो नडगीपर्यंत आला. आजीबाईंनी आधी तो वर ओढला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुझे गुडघे दिसले. गुडघे दिसलेच पाहिजेत, बाळ." बुटके असाल तर दुकानात कमी लांबीचा किल्ट आग्रहाने मागा.

चौथं काम: वर काय

दिवसाचं लग्न असेल तर ट्वीडचं जॅकेट किंवा साधं अर्गाइल जॅकेट आणि लांब टाय. संध्याकाळच्या औपचारिक जेवणाला प्रिन्स चार्ली: आखूड काळं जॅकेट, चांदीसारखी बटणं, तीन बटणांचा वेस्टकोट आणि बो टाय. एकच घ्यायचं तर अर्गाइल घ्या, ते दोन्हीकडे खपतं. वेस्टकोट घातलात तर कमरेचा रुंद पट्टा लावू नका. दोन्ही एकदम हा जुन्या माणसांना खुपणारा प्रकार आहे. पदवीदानाला विद्यापीठाचा गाऊन वरून येतोच, तिथे फार विचार नको.

कमरेवरून पुढे लोंबणारी चामडी थैली म्हणजे स्पोरन. किल्टला खिसे नसतात, म्हणून फोन, कार्ड, किल्ली सगळं हिच्यात. दिवसा साधी चामड्याची, रात्री केसाळ, चांदीच्या काठाची.

कुर्त्यावर किल्ट करू का, असं दोघांनी विचारलं होतं. लांब कुर्ता निम्मा किल्ट झाकतो, मग दोन्हीचं काही राहत नाही. फेटा आणि किल्ट मात्र जमतात. एका मराठी नवरदेवाने इथे सकाळी विधींना धोतर आणि संध्याकाळी प्रिन्स चार्लीवर कोल्हापुरी फेटा बांधला होता. त्या संध्याकाळी सगळ्या स्कॉट पाहुण्यांना फेटा हवा होता. आमच्यातल्या एकालाच बांधता येत होता, बिचारा जेवला रात्री अकराला.

पाचवं काम: नेसायचा क्रम

किल्ट सगळ्यात आधी घालतात असं वाटेल, पण तसं नाही. आधी शर्ट, मग मोजे आणि बूट. किल्ट नेसल्यावर वाकून नाड्या बांधणं म्हणजे मागच्यांना फुकट खेळ.

मोजे जाड लोकरीचे. ते वर ओढून दुमडायचे, आणि दुमडलेली कड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर ठेवायची. दुमडीखाली रबरी पट्टा येतो, त्याला लावलेल्या दोन रंगीत पट्ट्या म्हणजे फ्लॅशेस, त्या नडगीच्या जरा बाहेरच्या बाजूला. बुटांना गिली ब्रोग म्हणतात. त्यांना जीभ नसते, नाड्या लांबलचक असतात. पुढून तीन-चार पीळ द्यायचे, घोट्याच्या वर मागून फिरवायच्या आणि पुढे किंवा बाजूला गाठ. पोटरीपर्यंत चढवू नका, तसं बॅले नाचणाऱ्यांचं असतं.

आता किल्ट. निऱ्या पाठीमागे, मधली निरी कण्याच्या रेषेत. उजवीकडचा आतला पदर पोटावरून डावीकडे आणा. त्याचा पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून बक्कलमध्ये घट्ट लावा. मग डावीकडचा बाहेरचा पदर त्यावरून उजवीकडे. म्हणजे पुरुषाचा किल्ट उजव्या अंगाला उघडतो आणि झालरीची कड उजव्या मांडीवर येते. उजवीकडे दोन बक्कलं असतात, वरचं घट्ट, खालचं थोडं सैल, नाहीतर बसताना ओढतं. आरशात बघा, चौकडीची मधली रेषा शर्टाच्या बटणांच्या खाली सरळ आली पाहिजे.

स्पोरनची साखळी मागच्या लूपमधून घालून पुढे सोडा. वेस्टकोटच्या खालच्या टोकापासून चार बोटं खाली राहिली की झालं. फार खाली गेली की चालताना मांडीवर आपटत राहते, कार्यक्रमभर टपटप आवाज.

पिन उजव्या खालच्या कोपऱ्यात, कडेपासून चार बोटं आत. ती फक्त वरच्या पदराला लावायची. तिचं काम वजनाचं, दोन पदर जोडायचं नाही. मी साडीच्या पिनेसारखी दोन्हींतून घुसवली आणि पहिल्याच नाचात कापड फाटलं. भरपाई चाळीस पौंड.

उजव्या मोज्यात खोचायची छोटी सुरी म्हणजे स्कीअन-डू. फक्त मुठीचा वरचा भाग दिसू द्यायचा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायद्यात तिला मुभा आहे, पण विमानात हातातल्या सामानात नाही. पब-क्लबच्या दारावरही ती काढून मागू शकतात. भाड्याच्या संचात बरेचदा नुसती मूठच येते, खाली पातं नसतं. तेच बरं.

तो प्रश्न

आत काय घालायचं? घाला, चड्डी घाला. आत काही न घालण्याची फुशारकी मारणारे भेटतील, पण २०१० साली स्कॉटिश टार्टन्स अथॉरिटीच्या संचालकांनीच ते पोरकट आणि अस्वच्छ असल्याचं म्हटलं होतं, आणि भाड्याच्या दुकानाचं म्हणणं काही वेगळं नसतं. कुणी लग्नात विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे: "बूट आणि मोजे."

एक मात्र गंभीरपणे सांगतो. पिऊन झालेल्या पाहुण्यांपैकी एखादी व्यक्ती गमतीत किल्ट उचलून बघते. पूर्वी पुरुषांनी हे हसून सोडून द्यायचं असा रिवाज होता. आता तरुण स्कॉट मंडळी तसं मानत नाहीत, स्पष्ट 'नाही' म्हणतात, आणि यजमान त्यांचीच बाजू घेतात. चोरून खालून फोटो काढणं तर स्कॉटलंडमध्ये गुन्हाच आहे. तुम्हीही बिनधास्त नाही म्हणा.

बसणं, नाचणं, वारा

बसताना एक हात मागे नेऊन निऱ्या सारख्या करत बसा. स्पोरन दोन मांड्यांच्या मध्ये पडते, गुडघे जवळ ठेवा. हे आपल्या आई-मावश्यांना न शिकवता येतं, आपल्याला एक संध्याकाळ लागते.

जेवणानंतर केली असतो, म्हणजे सामूहिक नाच. 'स्ट्रिप द विलो'त तुम्हाला एका हातातून दुसऱ्या हातात अक्षरशः भिरकावतात. त्याआधी स्पोरन सरकवून कमरेच्या बाजूला घ्या. पावलं येत नसली तरी उतरा, समोरचा ओढत नेतो. आणि पाणी प्या, आठ वार लोकरीत जूनमध्येही घाम निथळतो.

वाऱ्याला भिऊ नका. जड लोकरीचा किल्ट सहज उडत नाही, उडतात ते ॲक्रिलिकचे. एडिंबराच्या नॉर्थ ब्रिजवर मात्र मीसुद्धा दोन्ही हात खाली ठेवून चालतो.

रोज घालावासा वाटला तर

काहींना चटक लागते. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. एडिंबरात हाउवी निकल्सबी यांनी १९९० च्या दशकापासून डेनिम, चामडं, साधं ट्वीड अशा कापडांचे, खिसे असलेले किल्ट शिवायला घेतले. अमेरिकेतल्या सिअॅटलचे कामाचे, मोठ्या खिशांचे किल्टही प्रसिद्ध आहेत. इथले काही जुने लोक यावर नाक मुरडतात. मला मात्र एकरंगी करडा ट्वीड किल्ट, वर स्वेटर आणि पायात साधे बूट, हा शनिवारचा वेष आवडतो. ऑफिसात आधी बर्न्स नाइटच्या दिवशी घालून अंदाज घ्या. माझ्या ऑफिसात तासभर टिंगल झाली, दुपारनंतर कुणाच्या लक्षातही नव्हतं.

बायकांसाठी थोडक्यात

बायका लग्नाला सहसा पुरुषी किल्ट घालत नाहीत. घालतात तो टार्टनचा लांब स्कर्ट, किंवा पार्टीच्या पोशाखावर टार्टनचा सॅश. साडीवर सॅश छान दिसतो, आणि तो उजव्या खांद्यावर घ्यायची रीत आहे. डाव्या खांद्याचा मान परंपरेने कूळप्रमुखाच्या पत्नीचा. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे दोघांचं भांडण होत नाही.

परत करताना

भाड्याचा किल्ट धुवू नका, इस्त्री करू नका. डाग पडला तर दुकानात सांगून टाका, ते बघून घेतात. स्वतःचा असेल तर ब्रशने झटका, कमरेकडून चिमट्यांच्या हँगरवर टांगा आणि कपाटात कसरीचा बंदोबस्त करा. प्रवासात नेताना घडी घालू नका. लांबीने गुंडाळी करून बायकांच्या जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात सरकवा, निऱ्या हलत नाहीत.

आणि पिशवी दुकानात टाकण्यापूर्वी स्पोरन उघडून बघा. माझी घराची किल्ली एकदा तिच्यातच परत गेली होती. रविवारी रात्री दुकानाच्या दारातल्या पेटीत पिशवी टाकली आणि घरी येऊन खिसे चाचपले. सकाळी नऊला दुकान उघडेपर्यंत शेजारच्या मिस्टरांच्या सोफ्यावर झोपलो, त्यांच्या मांजरासकट.